पुरानंतर मुलांचं अभ्यासातलं मन का उडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. करवीर, हातकणंगले, शिरोळ या भागांतल्या पालकसभांमध्ये जे प्रश्न दर वर्षी फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ ला दुसरी-तिसरीत असलेली मुलं आता दहावीच्या आसपास आली आहेत. म्हणजे शिकायला लागल्यापासून या पिढीनं दोन महापूर पाहिले, आणि दुसऱ्या वेळी तर कोरोनामुळे शाळाही बंद होती. त्यांच्या अभ्यासाबद्दल बोलताना हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

पूर ओसरला तेव्हा मुलगा ठणठणीत होता. आता दिवाळीनंतर त्याचं काय बिनसलं?

हे पुष्कळ घरांत होतं. पाणी चढत असताना आणि उतरल्यावर पहिले काही आठवडे सगळं घर कामाला जुंपलेलं असतं. चिखल काढायचा, भांडी धुवायची, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघायची, जनावरांना चारा मिळवायचा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं या सगळ्यात मोठ्या माणसांच्या बरोबरीनं राबतात. त्या काळात भीती वाटायलासुद्धा सवड नसते.

घराची घडी बसली की दाबून ठेवलेलं वर येतं. नेमक्या त्याच वेळी शाळेत बुडालेला अभ्यासक्रम भरून काढण्याची घाई सुरू असते. जादा तास, रविवारचे वर्ग, पाठोपाठ चाचण्या. मूल आतून रिकामं झालेलं असतं आणि बाहेरून मागणी वाढलेली असते. म्हणून बिघाड उशिरा दिसतो. ‘तेव्हा नाही झालं, मग आता कसं होईल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आघात म्हणजे नेमकं काय? पुराची भीती तर सगळ्यांनाच वाटते.

वाटतेच, आणि वाटायलाच हवी. पहिल्या महिन्यात झोप उडणं, दचकणं, आईला सोडून न राहणं, जेवण न जाणं हे साहजिक आहे. बहुतेक मुलं आपल्या माणसांत, आपल्या रोजच्या चक्रात परत आली की हळूहळू सावरतात.

महिना उलटून गेल्यावरही काही गोष्टी तशाच राहिल्या, तर मात्र लक्ष द्यायचं. पाण्याचं दृश्य नको असताना डोळ्यांपुढे येतं, तीच तीच स्वप्नं पडतात. नदीकडचा रस्ता, पूल, त्या दिवसांचे फोटो मूल टाळतं. ‘आता काही चांगलं होणार नाही’, ‘माझ्यामुळे झालं’ असे विचार घट्ट बसतात. आणि अंग कायम सावध राहतं: पत्र्यावर सर आली की उठून बसणं, जरा कुठे आवाज झाला की चिडणं. हे सगळं मिळून दैनंदिन जगणं अडायला लागलं की डॉक्टर त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. नाव जड आहे, पण त्यावर उपचार आहेत.

आमच्या एका शाळेत नववीतली एक मुलगी दप्तर कधीच जमिनीवर ठेवायची नाही. बाकावर, मांडीवर, नाहीतर खिडकीच्या कठड्यावर. बाईंनी दोनदा रागावून खाली ठेवायला लावलं, तेव्हा तिला कापरं भरलं. पुरात तिची सगळी वह्या-पुस्तकं फरशीवर होती, म्हणून गेली. तिच्या लेखी जमीन ही सुरक्षित जागाच राहिली नव्हती. वर्गात असं ‘विचित्र’ वागणारं मूल दिसलं की आधी कारण विचारा, शिस्त नंतर.

आणि अभ्यासाचा थकवा? आम्हाला तर तो आळस वाटतो.

आळशी मुलाला अभ्यास नको असतो, पण क्रिकेट हवं असतं, मित्र हवे असतात, रंकाळ्यावर भेळ हवी असते. थकलेल्या मुलाला कशातच रस उरत नाही. तज्ज्ञ ज्याला अकॅडेमिक बर्नआउट म्हणतात, त्यात तीन गोष्टी एकत्र येतात. सकाळी उठल्यापासूनच दमलेलं असणं. ‘शिकून काय होणार आहे’ ही विरक्ती. आणि ‘मला जमणारच नाही’ ही पक्की समजूत. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, कारण तिच्यामुळे हुशार मुलंसुद्धा पेपर कोरा सोडून येतात.

आणखी एक खूण सांगते. आळशी मूल पुस्तक उघडत नाही. थकलेलं मूल तीन तास पुस्तक उघडून बसतं आणि त्याच पानावर राहतं. घरच्यांना वाटतं अभ्यास चाललाय. ते मूल मात्र त्या तीन तासांत स्वतःलाच दोष देत असतं.

या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय?

घट्ट संबंध आहे. चीनमध्ये सिचुआन प्रांतात १२ मे २००८ रोजी मोठा भूकंप झाला, त्यात अनेक शाळा कोसळल्या. वाचलेल्या विद्यार्थ्यांचा तिथल्या संशोधकांनी पुढे कित्येक वर्षं अभ्यास केला. आघाताची लक्षणं आणि अभ्यासातला थकवा एकमेकांना धरून चालतात, हे त्यातून वारंवार दिसलं.

कसं होतं ते आपल्याकडच्या उदाहरणानं पाहू. रात्री पाऊस पडतोय, मुलगा जागा आहे. कुमारवयात आठ ते दहा तास झोप लागते, याला चार तास मिळाली. सकाळी वर्गात बीजगणित चाललंय, पण मेंदूचा अर्धा भाग खिडकीबाहेरच्या आवाजावर पहारा देतोय. जे ऐकलं ते डोक्यात ठरत नाही. चाचणीत गुण कमी पडतात, घरी बोलणी बसतात. आता त्याला पाण्याच्या भीतीबरोबर पुस्तकाचीही भीती बसते आणि तो दोन्ही टाळायला लागतो. टाळल्यानं त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि पुढचा दिवस आणखी जड जातो.

म्हणून उपायही दोन बाजूंनी करावे लागतात. नुसता अभ्यास कमी केला तर भीती तशीच राहते. नुसतं भीतीबद्दल बोललं आणि जादा तास चालूच ठेवले तर थकवा राहतो.

आमच्या घरात पाणी आलं नव्हतं. तरी आमच्या मुलीला त्रास का?

पाणी दारात यावंच लागतं असं नाही. मामाचं गाव चिखली-आंबेवाडीसारख्या पूरपट्ट्यात असेल, मैत्रीण निवारा केंद्रात असेल, वडील बोटीवर मदतीला गेले असतील आणि दोन दिवस फोन लागला नसेल, तरी पुरेसं आहे. शिवाय २०१९ ला महामार्ग बंद होऊन शहर तुटलं होतं. पेट्रोल नाही, दूध नाही, प्यायला पाणी नाही. मोठी माणसं घाबरलेली पाहणं हाही मुलांसाठी धक्काच असतो.

आमची पोरगी तर उलट शहाणी झाली. सगळं घरकाम करते, एका शब्दानं बोलत नाही. मग काळजी कशाची?

मला सगळ्यात जास्त काळजी याच मुलींची वाटते. चिडणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. गप्प राहून भाकऱ्या थापणारी मुलगी कुणाला दिसत नाही. पुरानंतर घर सावरण्याचं निम्मं ओझं तिच्यावर येतं: भिजलेली धान्याची पोती वाळवणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, आजीचं औषधपाणी. ती अभ्यासाला बसते रात्री दहानंतर. त्यात ऊस गेला, हातात पैसा नाही, आणि घरात हलक्या आवाजात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ती ऐकत असते. पुस्तक मिटायला याहून मोठं कारण लागत नाही.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. तिच्या शिक्षणाबद्दल तुमच्या मनात काय आहे ते तिला स्पष्ट शब्दांत सांगा: ‘तुझी शाळा बंद होणार नाही.’ हे एक वाक्य ऐकून माझ्यासमोर ढसाढसा रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि घरकाम वाटून घ्या. भावाला पाण्याची घागर उचलता येते.

मुलगा सारखा चिडतो, रात्रभर मोबाईल बघतो. हा पुराचा परिणाम की वयाचा?

दोन्ही असू शकतं. फरक ओळखायला मागे वळून बघा: पुराआधी तो असाच होता का? मुलगे भीती भीती म्हणून सांगत नाहीत, ती रागातून बाहेर पडते. मोबाईल हिसकावण्याआधी तो रात्री काय बघतो ते विचारा. झोप लागत नाही म्हणून मोबाईल, की मोबाईलमुळे झोप नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. झोपायच्या तासभर आधी घरातल्या सगळ्यांचे मोबाईल, तुमचासुद्धा, एका ठिकाणी ठेवून द्या. एकट्यालाच शिक्षा केल्यासारखं केलं तर तो ऐकणार नाही. मावा, गुटखा, दारू यांची सुरुवातही याच काळात होते, तिकडे लक्ष असू द्या.

आमच्या मुलाला म्हैस गेल्याचंच जास्त दुःख आहे. हे विचित्र नाही का?

अजिबात नाही. ज्या मुलानं त्या म्हशीला रोज वैरण घातली, तिची धार काढली, त्याच्यासाठी ती घरातलीच होती. पाणी रात्रीत वाढलं, माणसं आधी काढली, आणि दावं सोडायचं राहून गेलं. असं झालेल्या घरातली मुलं वर्षानुवर्षं ‘मी सोडलं असतं तर’ हे मनात घोळवत राहतात. अशा वेळी ‘जाऊ दे, दुसरी घेऊ’ म्हणू नका. बसून सगळं ऐका. मग त्या रात्री कोणाकोणाला काय माहीत होतं, निर्णय कोणाचा होता, हे त्याच्यासमोर उलगडून सांगा. निर्णय मोठ्यांचा होता, हे मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं की मुलाच्या डोक्यावरचं ओझं उतरायला सुरुवात होते.

मुलांशी पुराबद्दल बोलावं की विषयच काढू नये?

दार उघडं ठेवावं, ओढून आत नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे मुलाला काय हवंय ते बघायचं, बोलेल तेवढं ऐकायचं, आणि लागेल त्या मदतीपर्यंत पोचवायचं. आपत्तीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून ‘सांगा, काय काय झालं’ असं एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत पूर्वी वापरली जायची. तिनं फायदा होत नाही असं दिसल्यानं ती आता टाळायला सांगतात. बाहेरून एका दिवसासाठी येणाऱ्या चांगल्या मनाच्या संस्थांनीही हे ध्यानात ठेवावं.

मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत. जनावरांना चारा घालताना, गाडीवर मागे बसल्यावर, भांडी घासताना बोलतात.

यंदा दहावी आहे. अभ्यास कमी करायला सांगता, मग गुणांचं काय?

अभ्यास थांबवा असं मी कुणालाही सांगत नाही. शाळेत जाणं हाच या मुलांचा मोठा आधार आहे. ठरलेली वेळ, ओळखीचे चेहरे, घंटा, प्रार्थना, डबा. म्हणून शाळा सोडवून घरी बसवणं हा शेवटचा पर्याय. कमी करायचा आहे तो वेग आणि धाक.

आम्ही मुलांबरोबर करतो ते असं. सगळ्यात आधी झोपेची आणि जेवणाची वेळ ठरवतो, आठवडाभर दुसरं काहीच नाही. मग दिवसात दोन वेळा, वीस-वीस मिनिटं, त्या मुलाला सगळ्यात सोपा वाटणारा विषय. अवघड विषयापासून सुरुवात केली की ‘मला जमणार नाही’ हेच पुन्हा सिद्ध होतं. वीस मिनिटं झाली की उठायचंच, अजून बसावंसं वाटलं तरी. दोन आठवड्यांनी वेळ वाढवतो. गणितासारख्या विषयात मागच्या इयत्तेचा पाया कच्चा असेल, तर तिथपर्यंत मागे जातो. २०२१ च्या आगेमागे प्राथमिक शाळेत असलेल्या मुलांचे अपूर्णांक आणि भागाकार बऱ्याचदा तिथेच अडकलेले असतात. त्याला बुद्धी कमी म्हणणं अन्यायाचं आहे. त्या मुलाला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

क्लास तीन असतील तर एक ठेवा. आणि शेजारच्या मुलाचे गुण जेवताना काढू नका.

शिक्षकांनी वर्गात काय करावं?

पूर ओसरून शाळा भरल्यावर पहिले दोन आठवडे चाचणी घेऊ नका. अभ्यासक्रमाचं दडपण शिक्षकांवरही असतं हे मला माहीत आहे, पण त्या चाचणीतून तुम्हाला फक्त मुलं घाबरली आहेत एवढंच कळेल. कित्येक शाळांमध्ये वर्गखोल्यांतच निवारा केंद्र असतं. ज्या खोलीत मूल आठ दिवस आजीशेजारी झोपलं, त्याच खोलीत त्याला भूगोल शिकायचा असतो. बाकांची मांडणी बदलली तरी फरक पडतो.

आता निबंधाबद्दल. ‘पूरग्रस्ताचे मनोगत’ हा आपल्याकडचा ठरलेला विषय. ज्यांनी पूर फक्त बातम्यांत पाहिला, ती मुलं त्यावर छान लिहितात. ज्याच्या घराची भिंत खचली, तो पानभर नुसती तारीख लिहून बसतो, किंवा इतकं लिहितो की हात थरथरायला लागतो. हा विषय पूरग्रस्त गावात सक्तीचा ठेवू नका. पर्याय द्या. आणि कुणी मनापासून लिहिलंच, तर त्यावर व्याकरणाच्या लाल खुणा करू नका. दोन ओळी उत्तर लिहा.

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा धडा आहे. तो मात्र या मुलांच्या मदतीनं शिकवण्यासारखा आहे. इशारा पातळी ३९ फूट म्हणजे काय, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीचं पाणी कसं वाढतं, शिवाजी पुलापाशी जुनी माणसं मच्छिंद्री, म्हणजे पूर किती चढला हे सांगणारी पुलावरची खूण, कशी बघायची, घर सोडताना पहिल्यांदा काय उचलायचं. हे त्यांना पुस्तकाहून जास्त माहीत असतं. तयार असलेल्या मुलांना बोलू द्या. जे आपल्याला बुडवायला आलं होतं, त्याची माहिती वर्गाला देताना त्यांचा आवाज बदलतो, हे मी अनेकदा ऐकलंय. कुणाला नको असेल तर त्यानं गप्प बसायला हरकत नाही.

जून आला, पाऊस सुरू झाला की मुलगी पुन्हा पहिल्यासारखी होते. उपचार वाया गेले का?

नाही. ज्या ऋतूत आघात झाला तो ऋतू आला की लक्षणं डोकं वर काढतात. आपल्याकडे तर जुलैमध्ये सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला पाण्याची पातळी येत राहते, त्यात जुने व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गावर घरात वाद चालतात. तिकडे नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळ्यासाठी, म्हणजे दत्तमंदिरात शिरलेलं पुराचं पाणी दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हाच्या स्नानासाठी, लोक पाण्यात उतरतात आणि ही मुलगी त्याच पाण्याकडे पाठ फिरवून बसते.

घरात ठरवा: पातळी दिवसातून दोनदा बघायची, सकाळी आणि संध्याकाळी, प्रशासनाच्या आकड्यावरून, आणि एकाच मोठ्या माणसानं. मेमध्येच तिच्याबरोबर तयारी करा. कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, औषधं, टॉर्च, जनावरं कुठे हलवायची, कोणत्या पातळीला घर सोडायचं. वह्या-पुस्तकांसाठी माळ्यावर किंवा उंच फळीवर जागा तिलाच ठरवू द्या. तयारी केलेल्या मुलाची भीती पूर्ण जात नाही, पण त्या भीतीला धरायला दांडा मिळतो.

पुरवणी परीक्षाही बहुतेक वर्षी पावसाळ्यातच येते. तुमचं मूल ती देणार असेल आणि गाव पाण्याच्या पट्ट्यात असेल, तर परीक्षेपुरती राहायची सोय आधीच शहरात किंवा नातेवाइकांकडे करून ठेवा.

डॉक्टरकडे कधी न्यायचं? लोक काय म्हणतील?

महिन्यानंतरही लक्षणं कमी होत नसतील, मूल शाळेत जायला नकार देत असेल, वजन उतरत असेल, व्यसन लागलं असेल, किंवा कुठल्याच तपासणीत काही सापडत नसूनही डोकं-पोट रोज दुखत असेल, तर न्या. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

आघातासाठी बोलण्याचे खास उपचार आहेत. त्यात मूल आणि पालक दोघांनाही सामील करून साधारण १२ ते १६ बैठकांमध्ये भीतीचा सामना करायला हळूहळू शिकवतात. सगळ्यांनाच गोळ्या लागत नाहीत. मेडिकलमधून स्वतः झोपेच्या गोळ्या आणून मुलाला देऊ नका. कुणी उतारा काढायला सांगितला आणि आजीचं समाधान होत असेल तर त्यावरून घरात भांडण करू नका, पण त्यासाठी उपचार थांबवू नका. लोक चार दिवस बोलतात. मुलाचं वर्ष तुमचं आहे.

‘मला जगायचंच नाही’ असं मुलगा एकदा बोलला. रागाच्या भरात असेल का?

असेलही. तरी त्याच दिवशी हालचाल करा. त्याला सरळ विचारा, ‘तुझ्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येतात का?’ विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. त्याला एकटं सोडू नका. शेतकरी घरांत तणनाशक, कीटकनाशक गोठ्यात किंवा पलंगाखाली पडलेलं असतं, ते लगेच कुलपात ठेवा किंवा घराबाहेर हलवा. मग १४४१६ ला फोन करा किंवा थेट दवाखान्यात न्या. निकालाच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत जास्त जपा.

आम्हीच खचलो आहोत. मुलाला कसं सावरणार?

कर्ज डोक्यावर, पीक गेलेलं, दुकानातला माल कुजलेला. अशा वेळी खंबीर राहा म्हणणं सोपं आहे. मूल तुमच्याकडून खंबीरपणा मागत नाही, खरेपणा मागतं. ‘पैशाची अडचण आहे, आम्ही दोघं मिळून बघतोय, तुझी फी भरायची सोय केली आहे’ एवढं सांगितलं तरी पुरतं. जे ठरलेलं नाही त्याचं वचन देऊ नका. आणि तुम्हाला झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर वर दिलेला १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

पुरात गुणपत्रिका, दाखले भिजले. पुढच्या प्रवेशाचं कसं?

या एका चिंतेनं कित्येक मुलांची झोप जाते, आणि तिच्यावर उपाय आहे. शाळा सोडल्याचा दाखला शाळेतून दुय्यम प्रत म्हणून मिळतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मंडळाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयातून मिळते, अर्ज शाळेमार्फत करता येतो. अलीकडच्या वर्षांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवरही मिळतात. मधे शाळा सुटलेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. अर्ज भरायला मुलाला बरोबर घेऊन जा. भिजलेले कागद टाकू नका, एकेक पान सुटं करून सावलीत वाळवा. क्रमांक वाचता आला तरी पुढचं काम सोपं होतं.